विल्यम शॉकली

विल्यम ब्रॅडफर्ड शॉकली (१३ फेब्रुवारी १९१०, लंडन – १२ ऑगस्ट १९८९, स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना त्यांनी मांडली. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांच्यासह त्यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शॉकलींचे बालपण पालो आल्टो येथे गेले. एमआयटीतून १९३६ साली डॉक्टरेट मिळवून ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले.

ट्रान्झिस्टरचा शोध

डिसेंबर १९४७ मध्ये शॉकलींच्या गटातील बार्डीन व ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन स्पर्शबिंदू टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्याच्या पेटंटवर गटप्रमुखाचे नाव नव्हते. हे शॉकलींच्या जिव्हारी लागले. वर्षअखेर शिकागोतील एका हॉटेलात बसून त्यांनी टिपणांची पानेच्या पाने भरली आणि जानेवारी १९४८ मध्ये तीन थरांच्या ट्रान्झिस्टरची कल्पना पूर्ण केली. तो १९५१ साली जाहीर झाला. स्पर्शबिंदूंचा ट्रान्झिस्टर नाजूक व लहरी होता. पुढे प्रत्यक्ष वापरात टिकला तो शॉकलींचा.

प्रवाह लाभ

या रचनेत मधला थर, म्हणजे बेस, अतिशय पातळ असतो. एमिटरमधून निघालेल्या दर १०० इलेक्ट्रॉनांपैकी ९९ बेस ओलांडून कलेक्टरला पोहोचले आणि एकच बेसच्या वाटेने गेला, तर प्रवाह लाभ ९९ होतो. ९८ पोहोचले, तर तो ४९ वर येतो. गळतीतील एवढ्याशा फरकाने लाभ निम्मा होतो. म्हणूनच एकाच क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर मोजल्यास लाभाचे आकडे क्वचितच जुळतात.

साध्या वीजपुरवठा मंडलात याचा थेट उपयोग दिसतो. झेनर डायोड दाब स्थिर ठेवतो, पण मोठा प्रवाह पुरवू शकत नाही. तो बेसला जोडून भार एमिटरवर घेतल्यास १ अँपिअर भारासाठी, लाभ ५० असेल तर, बेसला सुमारे २० मिलिअँपिअर पुरतात. उरलेला प्रवाह कलेक्टरकडून येतो. ट्रान्झिस्टर तो निर्माण करत नाही, केवळ नियंत्रित करतो. बाहेरचा दाब झेनरपेक्षा सुमारे ०.७ व्होल्टने कमी भरतो. मोठ्या प्रवाहाला लाभ घटत असल्याने आकडेमोड किमान लाभ धरून करावी लागते. सरासरी धरणाऱ्याचे मंडल पूर्ण भार येताच दाब सोडते.

उत्तरायुष्य

शॉकलींनी माउंटन व्ह्यू येथे स्वतःची अर्धवाहक प्रयोगशाळा काढली आणि रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर यांसारखे तरुण निवडून आणले. माणसे पारखण्यात त्यांचा हात धरणारा विरळा होता; माणसे सांभाळणे मात्र त्यांना जमले नाही. त्यांच्या संशयी स्वभावाला आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर बाजूला सारून चार थरांच्या डायोडमागे लागण्याच्या हट्टाला कंटाळून १९५७ मध्ये आठ जणांनी एकदम प्रयोगशाळा सोडली व फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर स्थापन केली. सिलिकॉन व्हॅलीचा विस्तार बव्हंशी या आठ जणांकडून झाला. शॉकलींची प्रयोगशाळा कधीच नफ्यात आली नाही.

पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. या काळात वंश आणि बुद्धिमत्ता यांचा संबंध जोडणारी मते त्यांनी हिरिरीने मांडली. त्यांना शास्त्रीय आधार नव्हता, आणि आनुवंशशास्त्र हा शॉकलींचा विषयही नव्हता. जुने सहकारी दुरावले. १९८२ साली याच मतांच्या बळावर त्यांनी सिनेटसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागितली, पण प्राथमिक फेरीतच ते पराभूत झाले. कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा पत्नी एमी यांच्याखेरीज जवळचे असे फारसे कोणी उरले नव्हते.