एक्स्प्लेनर : उत्क्रांतीत नशिबाचा वाटा किती? हिशेब मांडणारे सिवॉल राइट

जो परिस्थितीला योग्य तोच टिकतो, हे आपण शाळेत शिकलो. पण कधी कधी केवळ योगायोगानेही एखादा गुण टिकतो किंवा कायमचा नाहीसा होतो. याला ‘जेनेटिक ड्रिफ्ट’ म्हणतात. या योगायोगाला गणितात बसवणाऱ्यांत अमेरिकी शास्त्रज्ञ सिवॉल राइट यांचं नाव सर्वात आधी येतं.

गिनीपिगमध्ये काय दिसलं?
राइट यांचा जन्म २१ डिसेंबर १८८९ चा. १९१५ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. तिथे १९०६ पासून गिनीपिगच्या सख्ख्या भावाबहिणींचीच पुढची पिढी वाढवण्याचा प्रयोग सुरू होता. घराणी एकमेकांपासून वेगळी ठेवलेली. ती वेगळी दिसावीत म्हणून कोणी निवड करत नव्हतं. तरीही रंग, वजन, बोटांची संख्या यात प्रत्येक घराणं वेगळं होत गेलं.

असं का झालं?
प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती पिल्लाला मिळेल, हा छापा-काट्याचा खेळ असतो. नाणं १० वेळा उडवलं आणि ७ वेळा छापा पडला, तर नवल नाही. १००० वेळा उडवून ७०० छापे मात्र पडत नाहीत. म्हणजे कळप जितका छोटा, तितका नशिबाचा जोर जास्त. चांगला गुणही त्यात हरवू शकतो.

१९२६ मध्ये राइट शिकागो विद्यापीठात गेले. १९३१ मध्ये त्यांनी हे गणित सविस्तर मांडलं. नुसती डोकी मोजून भागत नाही, हेही त्यांनी दाखवलं. समजा, कळपात १ नर आणि १०० माद्या आहेत. एकूण प्राणी १०१, पण पुढच्या प्रत्येक पिल्लाचा बाप एकच. राइट यांच्या सूत्रानुसार हा कळप जनुकीयदृष्ट्या जेमतेम ४ प्राण्यांच्या बरोबरीचा ठरतो.

वाद कोणाशी झाला?
ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना हे पटलं नाही. निसर्गातल्या संख्या मोठ्या असतात, त्यामुळे खरं काम नैसर्गिक निवडच करते, असं त्यांचं मत होतं. १९४७ मध्ये फिशर आणि ई. बी. फोर्ड यांनी एका पतंगाच्या नोंदी राइट यांच्याविरोधात मांडल्या. हा वाद वर्षानुवर्षं चालला. पुढे १९६८ मध्ये जपानचे मोतू किमुरा यांनी रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल योगायोगानेच पसरतात, असा सिद्धांत मांडला. त्याचा पाया ड्रिफ्टच होता.

आज महत्त्व काय?
निवृत्तीनंतरही राइट लिहीत राहिले. ३ मार्च १९८८ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज दुर्मीळ प्राणी वाचवताना एकूण संख्येसोबत प्रजननात भाग घेणारे नर-माद्या किती, हेही पाहिलं जातं. आकडा वाढला तरी धोका टळला असं नाही, हे राइट यांच्या सूत्रामुळेच कळतं.