अनुशेष मोजणारा माणूस

‘अनुशेष’ हा शब्द मराठवाड्यात आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. निवडणुकीच्या सभेत तो नसला, तर सभा झाल्यासारखी वाटत नाही. पण या शब्दामागे रुपये-पैशांचा हिशेब उभा करणारा माणूस मराठवाड्याचा नव्हता, पुढारी तर नव्हताच. तो होता पुण्याचा एक संख्याशास्त्रज्ञ, प्रा. वि. म. दांडेकर.

विनायक महादेव दांडेकरांचा जन्म ६ जुलै १९२० रोजी साताऱ्याला झाला. कलकत्त्यात संख्याशास्त्र शिकून १९४५ साली ते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे धनंजयराव गाडगीळांची परंपरा होती : आधी गावात जा, मोजा आणि मग बोला. १९५७ साली दांडेकरांनी कूळकायद्याच्या अंमलाची पाहणी प्रसिद्ध केली. कायदा पुस्तकात कसा आहे यापेक्षा बांधावर तो कितपत पोचला, हे पाहण्यात त्यांना रस होता. १९६६ ते १९८० ही चौदा वर्षे ते या संस्थेचे संचालक होते.

१९७१ साली नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी भारतातील दारिद्र्यावरचा प्रसिद्ध अभ्यास मांडला. १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, एवढाही खर्च ज्याला झेपत नाही तो दरिद्री. या मापाने खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसे रेषेखाली निघाली. त्यांना सरकारने काम द्यावे, हा त्यांचा उपाय होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि वि. स. पागे यांच्या पुढाकाराची रोजगार हमी योजना राज्यभर पोचली. मराठवाड्यातल्या एका पिढीच्या हाताला तेव्हाच्या खडीचे घट्टे आहेत.

माझ्यासारख्या बँकवाल्याला दांडेकर आठवतात ते आणखी एका गोष्टीसाठी. पीक बुडाले की शेतकऱ्याचे कर्ज थकते आणि थकबाकीदाराला नवे कर्ज मिळत नाही. एकेका शेतकऱ्याचे नुकसान मोजून विमा देणे अशक्यच, असे सरकारी मत होते. दांडेकरांनी १९७६ साली वेगळी वाट सुचवली. एक मुलूख धरा, तिथले सरासरी उत्पन्न काढा, ते ठरावीक मापाखाली गेले तर तिथल्या साऱ्या विमाधारकांना भरपाई द्या. १९८५ची सर्वंकष पीक विमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली, आणि २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेचा पायाही तोच आहे.

जुलै १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली नेमली. मराठवाडा राज्यात आला तो १९५३च्या नागपूर कराराच्या भरवशावर. विदर्भ-मराठवाड्याकडे वेगळे लक्ष देण्याची तरतूद घटनेच्या ३७१व्या कलमात होती, पण ती कागदावरच होती. मागासलेपण हा तक्रारीचा विषय होता, हिशेबाचा नव्हता. दांडेकरांनी तो हिशेबाचा केला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, कोणता जिल्हा किती खाली आहे ते पाहायचे आणि ती तूट भरायला लागणारा खर्च मांडायचा. तोच अनुशेष.

एप्रिल १९८४ मध्ये अहवाल आला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये, त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा. मराठवाड्याचा आकडा ७५० कोटी ८५ लाखांचा, म्हणजे साडेतेवीस टक्के. आणि ‘पुढारलेल्या’ उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्क्यांवर! इथली मंडळी नाराज झाली. पण दांडेकरांचे माप प्रदेश पाहत नव्हते, जिल्हा पाहत होते. माणदेशातला कोरडा तालुका पश्चिम महाराष्ट्रात आहे म्हणून त्याची तहान कमी होत नाही. स्वतंत्र मंडळांनाही त्यांचा पाठिंबा नव्हता. सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही; निधी मात्र त्याच हिशेबाने वाटायला सुरुवात केली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून मदत आली, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पडलेले घर छायाचित्रात दिसते, म्हणून पैसा धावला, आणि तो धावायलाच हवा होता. पण कधी न बांधलेल्या कालव्याचे छायाचित्र कसे काढणार? न झालेल्या रस्त्याचा ढिगारा नसतो. दांडेकरांच्या तक्त्यांचे मोल इथे आहे. जे नाही, त्याची नोंद त्यांनी केली.

३० जुलै १९९५ रोजी दांडेकर गेले. त्याआधी १९९४ साली विकास मंडळे आली होती. पुढच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४च्या स्थितीवर काढलेला अनुशेष १४,००६ कोटींचा होता; मराठवाड्याचा ४,००४ कोटींचा. दोन्ही आकडे सरळ ताडता येत नाहीत, कारण किमती वाढल्या, निकषही बदलले. तरी थकबाकीची रीत तीच : भरणा उशिरा झाला की व्याज चढते. मागचा जिल्हा एक पाऊल टाकेपर्यंत राज्याची सरासरीच दोन पावले पुढे गेलेली असते.

पैसा आला की विकास झाला, असेही नाही. कालवा खणून पाणी शेवटच्या शेतापर्यंत जात नसेल, तर खर्च पडतो, उत्पन्न वाढत नाही. पण निदान मागण्यासाठी आकडा तरी हातात हवा. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा दरवर्षी तो आकडा विचारण्याची एक हक्काची जागा गेली. दांडेकरांना मंडळे नको होती, हे खरे. पण मोजणे थांबावे, असे त्यांना कधीच वाटले नसते.