विश्लेषण : ‘सँडो’चे दंड फुगले, पण ते फुगवले कोणी?

बिनबाह्यांच्या बनियनला आपण सँडो म्हणतो. हे नाव ज्यांच्यावरून पडले असे मानतात, ते युजेन सँडो आधुनिक शरीरसौष्ठवाचे जनक.

कोण होते सँडो?
जन्म १८६७, प्रशियातील कोनिग्सबर्ग. ताकदीचे खेळ करत ते लंडनला स्थिरावले. १९०१ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होते. १९०४-०५ मध्ये ते भारतातही आले. हलके डंबेल्स, रोजचा नेम आणि स्नायूवर एकाग्र मन, ही त्यांची शिकवण. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना काय कळले नाही?
व्यायामाने स्नायू का वाढतात, याचा एक मोठा दुवा ३६ वर्षांनी सापडला. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायुतंतूंना चिकटलेल्या सॅटेलाइट पेशी दिसल्या. याच स्नायूंच्या मूलपेशी. एरवी त्या निद्रिस्त असतात. वजनाचा ताण पडला की जाग्या होऊन विभागतात. काही तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रके देतात, काही राखीव राहतात. यांच्याविनाही थोडी वाढ होते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. दुखापत भरून काढायला मात्र त्या लागतातच.

आपण काय घ्यावे?
हे काम व्यायामानंतरही काही दिवस चालते. म्हणून वजन हळूहळू वाढवा आणि त्याच स्नायूला विश्रांतीही द्या.