सोलापूरकरांना माहीत असलेली हत्तीरोगाची गोळी अमेरिकेतल्या कुत्र्यांनाही वाचवत होती

हत्तीरोगाच्या जिल्ह्यांच्या यादीत सोलापूरचं नाव जुनं आहे. घरोघरी येऊन समोर गिळायला लावतात ती डीईसीची गोळी इथे अनेकांनी घेतली आहे. तीच गोळी अमेरिकेत कित्येक वर्षं पाळीव कुत्र्यांना रोज दिली जायची, हृदयात जंत होऊ नयेत म्हणून. या गोळीमागचं नाव आहे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सोलापुरातल्या हजारो विणकर घरांत बोलली जाते तीच तेलुगू त्यांची मातृभाषा.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातलं भीमावरम. दोन भाऊ आजाराने गेले. मद्रासला डॉक्टरकी शिकताना ते खादी वापरायचे. ब्रिटिश प्राध्यापकाला ते खटकलं आणि एमबीबीएसऐवजी हातात दुय्यम पदवी पडली. १९२२ मध्ये बायकोला मागे ठेवून बोस्टन गाठलं. तिची भेट पुन्हा झालीच नाही. पोटासाठी हॉस्पिटलात रुग्णांची मलमूत्राची भांडी साफ केली, हार्वर्डमध्ये एटीपीवर मोलाचं काम केलं, पण कायमची नोकरी मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले.

तो महायुद्धाचा काळ होता. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांनी गाठलं, औषध तर नव्हतंच. सुब्बारावांच्या टीमने एकामागून एक रसायनं तपासली. प्रयोग झाले ते उंदरांवर आणि हृदयजंत झालेल्या कुत्र्यांवर. हा जंतही डासांतूनच पसरतो, वाढून फूटभर होतो आणि हृदय व फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत ठाण मांडतो. १९४७ मध्ये डीईसी जगासमोर आलं.

कुत्र्यांच्या बाबतीत एक मोठी गोम होती. डासाने सोडलेल्या अळ्या मोठ्या होण्याआधीच ही गोळी त्यांना संपवायची. पण कुत्र्याच्या रक्तात जंतांची पिल्लं आधीच फिरत असतील, तर गोळीने शॉक बसून कुत्रा दगावू शकायचा. म्हणून आधी रक्ततपासणी, मगच गोळी. पुढे महिन्यातून एकदा द्यायचं आयव्हरमेक्टिन आलं, तरी तपासणीचा नियम राहिला. आपल्याकडे हा जंत मुख्यतः ईशान्य भारतात सापडतो.

माणसांतही गोळीनंतर कधी कधी ताप येतो, अंग दुखतं. रक्तातले जंत मरत असल्याची ती खूण असते. नेमक्या याच तापाला घाबरून अनेक जण गोळी खिशात टाकतात.

डीईसीचा गाजावाजा सुब्बारावांना फार काळ पाहता आला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये झोपेतच ते गेले. भारताने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं ते १९९५ मध्ये.