मृगजळ उकलणारा भूमितिकार

माझे गाव मंचेरियल, गोदावरीच्या डाव्या तीरावरचे. वैशाखातल्या दुपारी तिथल्या डांबरी सडकेवर पुढे पाणी साचल्यासारखे दिसते. समोरून येणाऱ्या लॉरीचे त्यात उलटे प्रतिबिंब पडते. जवळ जावे तो पाणी आणखी पुढे! लहानपणी मी याला मनाचा भ्रम समजत असे. कॉलेजात इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकताना गास्पार मोंझ हे नाव कानी आले. मृगजळाची उकलही याच गृहस्थाने केली हे कळल्यावर मी त्याचे चरित्र मिळवून वाचले.

मोंझ १७४६ साली फ्रान्समधील बोन या गावी एका फिरत्या व्यापाऱ्याच्या पोटी जन्मला. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात अधिकारी होण्यास खानदान लागे. म्हणून त्याला नकाशे काढणाऱ्यांत बसविले. एकदा तटबंदीच्या आखणीचे काम आले. लांबलचक आकडेमोड टाळून त्याने ते रेखाटनाने सोडविले. उत्तर इतक्या लवकर आले, की वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईनात! तीच पुढे वर्णनात्मक भूमिती झाली. आपले प्लॅन आणि एलेव्हेशन तिचीच लेकरे.

१७९८ मध्ये तो नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेला. वाळवंटात तहानेल्या सैनिकांना पाणी दिसे आणि नाहीसे होई. मोंझने कैरोत त्याचे कारण मांडले. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते; तिरपे येणारे आकाशाचे किरण तिथून वर फिरतात आणि आपल्याला जमिनीवर आकाश दिसते. विरळ थराच्या सीमेवर किरण परावर्तित होतात, असे त्याने मानले. प्रत्यक्षात ते थराथराने हळूहळू वळतात. आज संगणकावर मृगजळ रेखाटताना हेच गणित करतात. डोळ्यापासून किरण उलट सोडायचा, हवेच्या तापमानाप्रमाणे तो कुठे किती वाकतो ते पावलोपावली मोजायचे आणि जिथे पोहोचेल तिथला रंग पडद्यावरच्या त्या ठिपक्याला द्यायचा. म्हणजे भ्रम मनाचा नव्हेच. प्रकाश खरोखरच वाकतो.

नेपोलियन पडल्यावर मोंझचे दिवस फिरले. १८१६ मध्ये विद्वत्संस्थेतून त्याचे नाव काढले गेले. १८१८ मध्ये तो वारला. ज्या एकोल पोलितेक्निकच्या उभारणीसाठी तो झटला, तिथल्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेस जाण्याची मनाई झाली. दुसऱ्या दिवशी ते सारे त्याच्या थडग्यापाशी गेले. फ्रान्सने त्याचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये सन्मानाने नेले ते १९८९ साली. विद्यार्थ्यांना मात्र आपला गुरू ओळखायला एक दिवसही पुरला होता.