थॉमस बेस्ट जर्विस

थॉमस बेस्ट जर्विस (२ ऑगस्ट, १७९६ : जाफना, श्रीलंका - ३ एप्रिल, १८५७) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनियर्स या पथकातील लष्करी अभियंता, भूमापक आणि नकाशाकार होते. मालवण, वेंगुर्ले हे भाग ज्यात मोडत त्या दक्षिण कोकणचे त्यांनी केलेले सर्वेक्षण आणि क्रिमियन युद्धाच्या काळात त्यांनी छापून घेतलेले नकाशे यांमुळे ते ओळखले जातात. ब्रिटिश युद्धखात्याच्या 'स्थलवर्णन व सांख्यिकी भांडारा'चे ते पहिले संचालक होते.

कुटुंब

थॉमस यांचे बंधू जॉर्ज रिट्सो जर्विस हेही बॉम्बे इंजिनियर्समध्ये अधिकारी होते. मुंबईत गणित व अभियांत्रिकीचे शिक्षण देशी भाषांतून देण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत जॉर्ज यांचा पुढाकार होता आणि मराठीतील पहिल्या गणितविषयक पाठ्यपुस्तकांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. दोघे भाऊ एकाच पथकातील असल्यामुळे मराठी लेखनात त्यांची अनेकदा गल्लत होते. पाठ्यपुस्तकांचे काम जॉर्ज यांचे, तर कोकणच्या नकाशाचे काम थॉमस यांचे होय. थॉमस यांचे पुत्र विल्यम पॅजेट जर्विस हे भूवैज्ञानिक होते. त्यांनी १८९८ मध्ये वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले.

दक्षिण कोकणचे सर्वेक्षण

मालवण व वेंगुर्ले ही बंदरे १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेली. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर कोकणचा उरलेला बराचसा प्रदेशही कंपनीच्या ताब्यात आला. सावंतवाडी मात्र वेगळे संस्थान म्हणून राहिले, पण ते ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले. नव्या प्रदेशात महसूल ठरवण्यासाठी गावे, शेतजमीन, लोकसंख्या आणि वाटा यांची नोंद आवश्यक होती. १८२० च्या दशकात जर्विस यांनी दक्षिण कोकणात हे काम केले. त्यांनी नकाशाबरोबरच प्रदेशाचा इतिहास, जमीनधारणेच्या पद्धती, खोतीची व्यवस्था, वजने व मापे यांचीही माहिती गोळा केली.

ही माहिती १८४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील दीर्घ लेखाच्या रूपाने मुंबईच्या भौगोलिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १८८० मध्ये निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडी गॅझेटियरमध्ये या लेखाचा आधार वारंवार घेतलेला आढळतो. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे या जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासासाठीही जर्विस यांचे लेखन उपयोगी ठरते.

कोकणासारखा प्रदेश कागदावर उतरवताना रेषेची जाडी हा मोठा प्रश्न असतो. एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणात नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील सुमारे ६३ मीटर होतात. या प्रमाणाच्या नकाशावर ०.२ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवरील सुमारे १३ मीटर रुंदीचा पट्टा व्यापते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची जाडी साधारण १२ फूट सांगितली जाते. खऱ्या प्रमाणात ती ०.०६ मिलिमीटर भरेल, म्हणजे ती रेघ छापणेच कठीण. म्हणून तट, पायवाटा व लहान ओढे प्रत्यक्षाहून जाड दाखवावे लागतात. मात्र सर्वच रेघा जाड केल्या, तर किनाऱ्यालगतचे खडक, खाड्यांची मुखे आणि गावांची नावे एकमेकांत मिसळतात. कोणती रेघ किती जाड ठेवायची हे नकाशाकाराला आधी ठरवावे लागते.

सर्वेयर जनरलपदाचा वाद

१८३७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी जर्विस यांना भारताच्या सर्वेयर जनरलपदासाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे संभाव्य उत्तराधिकारी म्हणून तात्पुरते नेमले. एव्हरेस्ट यांची प्रकृती बिघडलेली होती आणि ते लवकरच पद सोडतील असा अंदाज होता. १८३८ मध्ये जर्विस यांनी न्यूकॅसल येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत भारतातील सर्वेक्षणाबद्दल विचार मांडले. रॉयल सोसायटीतील काही शास्त्रज्ञांनीही त्यांच्या योजनांना पाठिंबा दिला.

एव्हरेस्ट यांना हा आपल्या कामातील हस्तक्षेप वाटला. १८३९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचे माजी अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून पत्रांची एक मालिका छापली आणि तीत जर्विस यांच्या पात्रतेवर कडक टीका केली. एव्हरेस्ट १८४३ पर्यंत पदावर राहिले आणि त्यांच्यानंतर अँड्र्यू वॉ यांची नेमणूक झाली. जर्विस १८४१ मध्येच कंपनीच्या सेवेतून निवृत्त झाले होते. ज्या पदासाठी त्यांचे नाव ठरले होते, ते त्यांना कधीच मिळाले नाही.

क्रिमियाचे नकाशे

१८५४ मध्ये ब्रिटन रशियाविरुद्ध युद्धात उतरले, तेव्हा क्रिमिया द्वीपकल्पाचे पुरेसे तपशीलवार नकाशे ब्रिटिश सैन्याकडे नव्हते. याच सुमारास जर्विस यांना बेल्जियममध्ये रशियन सेनेच्या क्रिमियाच्या नकाशाची आणि तुर्कस्तानच्या युरोपीय भागाच्या ऑस्ट्रियन लष्करी नकाशाची प्रत मिळाली. त्यांनी ती युद्धखात्यापुढे ठेवली. नकाशे छापण्याचा खर्च जर्विस यांनी स्वतः करावा आणि तयार झालेल्या प्रती सरकारने विकत घ्याव्यात असे ठरले. नकाशांवरील नावे इंग्रजीत आणून जर्विस यांनी क्रिमियाचा नकाशा दहा भागांत शिळाछापाने छापून घेतला.

ताम्रपटावर नकाशा कोरण्याच्या पद्धतीत रेषा अतिशय बारीक व स्वच्छ येते. पण त्यास फार वेळ लागतो. शिळाछापात सपाट दगडावर तेलकट शाईने रेखन होते. हे काम झपाट्याने होत असल्याने युद्धकाळात तेच सोयीचे होते. मात्र दाबाखाली शाई थोडी पसरून रेषा जाड होण्याचा धोका त्यात असतो. त्या काळच्या लष्करी नकाशांत डोंगराचा उतार बारीक रेघांनी दाखवत. सॅक्सनीचे योहान गेओर्ग लेमान यांनी १७९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत उतार जितका तीव्र, तितकी रेघ जाड असे. अशा नकाशात छपाईत रेघा फुगल्या तर सौम्य चढही दुर्गम वाटू शकतो, आणि तोफा कोणत्या वाटेने न्यायच्या हा निर्णय चुकू शकतो. रंगीत छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. कागद ओलाव्याने थोडा जरी ताणला गेला तरी एका रंगाची रेषा दुसऱ्या रंगाशी जुळत नाही.

स्थलवर्णन व सांख्यिकी भांडार

या अनुभवानंतर सरकारने १८५५ मध्ये युद्धखात्यात स्थलवर्णन व सांख्यिकी भांडार स्थापन केले आणि जर्विस यांना त्याचे संचालक नेमले. परदेशांचे नकाशे व माहिती शांततेच्या काळातच जमवून ठेवावी, ही त्यांची भूमिका त्यामुळे मान्य झाली. दोनच वर्षांनी, ३ एप्रिल १८५७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे हे कार्यालय ऑर्डनन्स सर्व्हेचे प्रमुख हेन्री जेम्स यांच्या देखरेखीखाली गेले. १८७३ मध्ये त्यातूनच ब्रिटिश लष्कराची गुप्तवार्ता शाखा निर्माण झाली.

मूल्यमापन

जर्विस रॉयल सोसायटीचे सदस्य होते. एव्हरेस्ट यांच्या टीकेमुळे भारतीय सर्वेक्षणाच्या इतिहासात त्यांना दुय्यम स्थान मिळाले. त्यांच्या कोकणविषयक लेखनाचा उगम महसुलाच्या गरजेतून झाला होता, हे ते वाचताना ध्यानात घ्यावे लागते. तरीही ब्रिटिश अमलाच्या आरंभीचे दक्षिण कोकण समजून घेण्यासाठी ते महत्त्वाचे साधन आहे. जर्विस यांच्या काळातील छपाईचा मूळ प्रश्नही टिकून आहे. आजच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये रेषेची जाडी कागदावरील मिलिमीटरमध्ये, पडद्यावरील पिक्सेलमध्ये किंवा जमिनीवरील अंतरात देता येते. निवड चुकली तर पडद्यावर सुबक दिसणारी रेषा छापील कागदावर नाहीशी होते किंवा शेजारचा तपशील झाकून टाकते.