सरन्यायाधीश जॉन मार्शल

अमेरिकेची राज्यघटना आकाराने अगदी लहान आहे. मूळ मसुद्यात अवघी सात कलमे आहेत व त्यांना आजवर २७ दुरुस्त्यांची जोड मिळाली आहे. आपल्या भारतीय घटनेशेजारी ती ठेवली तर एखाद्या पुस्तिकेसारखी दिसेल. एवढ्याशा मजकुरावर एवढे मोठे राष्ट्र दोनशेहून अधिक वर्षे कसे चालले, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पडावा. त्याचे उत्तर शोधताना ज्या थोड्या व्यक्तींपाशी थांबावे लागते, त्यांतील एक म्हणजे सरन्यायाधीश जॉन मार्शल. घटना लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव नाही. परंतु ती वाचावी कशी, हे देशाला त्यांनीच शिकवले.

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ रोजी व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरील एका लाकडी घरात झाला. पंधरा भावंडांत ते थोरले. वडील थॉमस जमीन मोजणीचे काम करीत व जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. शाळेत जाण्याचा योग जॉनला फारसा आला नाही. बरेचसे शिक्षण घरीच झाले. इंग्रजांविरुद्ध युद्ध पेटताच वीस वर्षांचा हा तरुण सैन्यात शिरला. १७७७-७८ चा कडाक्याचा हिवाळा त्याने वॉशिंग्टनच्या सैन्याबरोबर व्हॅली फोर्ज येथील छावणीत काढला. सैनिकांना पुरेसे अन्न नव्हते, कपडे नव्हते. याचे एक मोठे कारण म्हणजे काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. प्रत्येक राज्यापुढे तिला हात पसरावा लागे. दुबळ्या मध्यवर्ती सत्तेची किंमत कोण चुकवतो, हे मार्शल यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले.

१७८० मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात जॉर्ज विथ यांची कायद्यावरील व्याख्याने त्यांनी काही काळ ऐकली. कायद्याचे रीतसर शिक्षण म्हणाल तर एवढेच. तरीही थोड्याच वर्षांत रिचमंड येथील नामवंत वकिलांत त्यांची गणना होऊ लागली. १७८३ मध्ये मेरी अँब्लर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती आयुष्यभर आजारी असे. मार्शल यांनी तिची अखेरपर्यंत काळजी वाहिली.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी घटना तयार झाली. तिची रचना थोडक्यात अशी : कायदे करण्यासाठी दोन सभागृहांची काँग्रेस, अंमलबजावणीसाठी चार वर्षांसाठी निवडलेला अध्यक्ष आणि न्यायदानासाठी सद्वर्तन असेपर्यंत पदावर राहणारे न्यायाधीश. काही अधिकार केंद्राकडे, बाकीचे राज्यांकडे. तिन्ही शाखांनी एकमेकींवर अंकुश ठेवावा, ही त्यामागील कल्पना. व्हर्जिनियाच्या परिषदेत १७८८ मध्ये ही घटना ८९ विरुद्ध ७९ मतांनी, म्हणजे जेमतेम मंजूर झाली. मार्शल तिचे समर्थक होते व त्यांनी तेथे विशेषतः न्यायशाखेची बाजू मांडली.

पुढे फ्रान्समधील वकिलात, काँग्रेसचे सदस्यत्व, परराष्ट्रमंत्रिपद अशा पायऱ्या चढून १८०१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. त्या वेळी या पदाला फारसे वजन नव्हते. पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांनी पुन्हा देऊ केलेले हे पद नाकारले होते. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती. काँग्रेसच्याच इमारतीतील एका खोलीत काम चाले. प्रत्येक न्यायाधीश आपापले मत वेगळे वाचून दाखवी, त्यामुळे न्यायालयाचे मत नेमके काय, हे कळणे कठीण होई. सर्वांच्या वतीने एकच निकालपत्र देण्याची पद्धत मार्शल यांनी रूढ केली.

१८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा खटला म्हणजे त्यांच्या बुद्धीची कसोटी होती. निवडणूक हरलेले अध्यक्ष ॲडम्स यांनी जाता जाता काही नेमणुका केल्या. विल्यम मार्बरी यांच्या नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्काही बसला, पण ते पोहोचते व्हायचे राहून गेले. नवे अध्यक्ष जेफरसन यांनी ते अडवले. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पत्र देण्याचा हुकूम काढावा तर जेफरसन तो धुडकावणार व न्यायालयाचे हसे होणार. न काढावा तर न्यायालय भ्याले असे म्हणणार. मार्शल यांनी तिसरीच वाट काढली. मार्बरी यांचा हक्क खरा, सरकारचे वागणे बेकायदा. परंतु असा हुकूम थेट काढण्याचा अधिकार या न्यायालयाला देणारे १७८९ च्या कायद्यातील कलमच घटनेशी विसंगत आहे, म्हणून ते रद्दबातल, असा निकाल त्यांनी दिला. जेफरसन यांना मोडायला हुकूमच उरला नाही आणि काँग्रेसचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार मात्र कायमचा प्रस्थापित झाला. ते पत्र पोहोचते करण्याची जबाबदारी मुळात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री, म्हणजे खुद्द मार्शल यांच्याच कार्यालयाची होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. आजच्या मापाने त्यांनी या खटल्यात बसणे योग्य ठरले नसते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यांचे पुढील तीन निकाल अधिक जवळचे वाटतील. १८१९ च्या डार्टमथ कॉलेज खटल्यात, १७६९ ची सनद हा करार असून राज्याचे विधिमंडळ तो मनास येईल तसा बदलू शकत नाही, असे ठरले. खाजगी संस्था व कंपन्या यांना त्यामुळे स्थैर्य लाभले. त्याच वर्षी मेरीलँड राज्याने केंद्राच्या बँकेवर लादलेला कर तिच्या बाल्टिमोर शाखेचे रोखपाल मॅक्युलक यांनी भरला नाही म्हणून खटला उभा राहिला. घटनेत बँकेचा शब्दही नाही. पण दिलेले अधिकार पार पाडण्यास लागणारी साधने त्या अधिकारांतच ध्वनित असतात, असे मार्शल म्हणाले. आणि कर बसवून एखादी संस्था बुडवता येते, म्हणून केंद्राच्या बँकेवर राज्याला कर बसवता येणार नाही, असेही त्यांनी ठरवले. १८२४ मध्ये गिबन्स विरुद्ध ऑग्डेन खटल्यात न्यूयॉर्क राज्याने दिलेला आगबोटींचा मक्ता त्यांनी मोडीत काढला. व्यापारात वाहतूकही येते व राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन काँग्रेसचे, हा त्याचा सारांश. तेरा जकातनाक्यांचा देश एक बाजारपेठ बनला, त्यात या निकालांचा वाटा मोठा आहे.

मात्र या चित्राची काळी बाजू झाकून चालणार नाही. मार्शल यांनी आयुष्यभर गुलाम बाळगले. १८१३ मध्ये मिमा क्वीन या स्त्रीने, आपली पूर्वज स्वतंत्र होती म्हणून आपणही स्वतंत्र, असा दावा केला. ज्यांच्यापाशी कागदपत्रे असणेच शक्य नव्हते, त्यांचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी आठवणींचाच असणार. मार्शल यांनी तो ऐकीव म्हणून नाकारला. कराराच्या हक्काबद्दल इतका जागरूक असलेला न्यायाधीश माणसाच्या स्वातंत्र्याबाबत असा कोरडा राहिला. गुलामगिरीशी असलेल्या याच संबंधामुळे शिकागोतील एका विधी महाविद्यालयाने २०२१ मध्ये त्यांचे नाव काढून टाकले.

उतारवयात १८३२ मध्ये वुस्टर खटल्यात चेरोकी जमातीच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे लागू नाहीत, असा निकाल त्यांनी दिला. तो न्याय्य होता. पण न्यायालयाजवळ ना सैन्य ना खजिना. १८३८ मध्ये चेरोकींना बळाने हाकलण्यात आले व हजारो माणसे मृत्यू पावली. ते पाहायला मार्शल हयात नव्हते. ३४ वर्षे सरन्यायाधीशपद भूषवून ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

आपल्या घटनाकारांनी न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अधिकार न्यायाधीशाच्या चातुर्यावर सोडला नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरतील, असे अनुच्छेद १३ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात आपले न्यायालय त्याही पुढे गेले व घटनादुरुस्तीलाही मर्यादा आहेत असे त्याने ठरवले. मार्शल यांनी रोवलेल्या रोपाचा विस्तार असा दूरवर पोहोचला आहे. मार्बरी आणि चेरोकी ही दोन प्रकरणे मात्र नेहमी शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यातून न्यायालयाची शक्ती कळते. दुसऱ्यातून हे कळते की निकाल लिहिणे न्यायाधीशाचे काम असले, तरी तो पाळला जातो की नाही, हे शेवटी सरकार व नागरिक यांच्या हाती असते.